बंबाला चिकटलेली गादी

"आये, या रविवारी तुला अशी गादी करून देतो, खुब्याचं दुखणं विसरशील!" सहदेवने छाती फुगवून सांगितलं. ठाण्यात नव्याने निघालेल्या फोमच्या कारखान्यात लागल्यापासून त्याची छाती फुगलेलीच असायची.

तुळसाबाईंची सगळी उमर मिठागरात वाकून गेली होती. आता खुबा असा धरे, की पाटावर क्षणभर टेकवत नसे. पण कापसाच्या गादीचं नाव काढलं की म्हणायच्या, "मी काय बाळंतीन हाय?"

कारखान्यातल्या साहेबांना विचारून सहदेवने डबाभर फोमचं मिश्रण आणलं आणि खोक्यात ओतलं. "याला ऊब लागली की फुगतं. उन्हात ठेवू!" पण थंडीचे दिवस. ऊन फिरकेना, मिश्रण हलेना. कंटाळून तो कळव्याच्या नाक्यावर चहाला गेला.

तुळसाबाई खोक्यात डोकावल्या. "शालू, तुझ्या नवऱ्याचं पीठ उठलं नाय गो!"

"आई, ते पीठ नाही, औषध—"

"वड्यांचं पीठ थंडीत कसं उठवायचं, ता मना शिकवू नको!"

त्यांनी खोकं पेटत्या बंबाशी सरकवलं, वर गोधडी गुंडाळली आणि समाधानाने पान जुळवायला घेतलं. पान तोंडात जाण्याआधीच गोधडी उभी राहिली! खोक्याच्या फळ्या कडाडल्या. पिवळा फेस उतू चाललेल्या दुधासारखा बंबाला मिठी मारत निघाला!

"विस्तव काढ!" तुळसाबाई ओरडल्या. शालूने बंबातले निखारे ओढून अंगणात फेकले. फेस थांबेना. तेव्हा तुळसाबाईंनी पदर खोचला आणि गोधडीवर बैठकच मारली. "आता उठून दाखव!"

तो उठला. तुळसाबाईंसकट!

सहदेव धावत आला, तेव्हा आई बंबाला टेकून हातभर उंच, राणीसारखी बसलेली.

"आये, दुखतंय का?"

तुळसाबाईंनी डावीकडे हलून पाहिलं, उजवीकडे हलून पाहिलं. डोळे भरून आले. "नाय रं. काय्येक दुखत नाय."

सहदेव नाक पुसून कोयता घेऊन आला. "थोडं कापून बंब सोडवतो."

"खबरदार! माझ्या गादीला कोयता लावशील तर!"

सोमवारी साहेबांनी विचारलं, "काय सहदेव, मिश्रण कसं आहे?"

"झकास, साहेब! आई खूश आहे," सहदेव जरा लांब उभा राहत म्हणाला. "फक्त आमच्या घरच्या आंघोळी बंद पडल्यात."