ऐरावताचे पोटास पीळ पडला ते समयीचे वर्तमान

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि घरोघरी वाट अडवून पसरणाऱ्या सकळ श्वानांस नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी तिसरे मजल्यावरील दौलतीवर थोर अरिष्ट आले. ते जैसे घडले तैसे लिहितो. वाचणाराने हसू नये. आम्हांस लिहितानाही कापरे भरते.

दौलतीचे धनी मकरंदराव आणि राणीसाहेब ऋजुताबाई. उभयतांनी ग्रेट डेन जातीचा श्वान पदरी बाळगिला, नाव ऐरावत. आणिला तेव्हा मांडीवर मावत होता, आणि मग वाढो लागला तो थांबेचना. शेपूट फिरली की चहाचे कप जमीनदोस्त, आणि मान झटकली की लाळ पंख्यास पोहोचे, आणि राणीसाहेब स्टुलावर चढोन पंखा पुसीत. कोपरांस घट्टे न पडावे म्हणोन जाड गादी त्यास, आणि धनी सतरंजीवर! ऐसा बलाढ्य, परंतु मिक्सर सुरू जाहला की राणीसाहेबांमागे दडे. शेजारच्या पाटणकरकाकू त्याचे भये लिफ्ट सोडोन जिन्याने जात, आणि सोसायटीत तक्रार गुदरीत.

खरे भय निराळेच होते. डॉक्टर घाटपांडेबाईंनी बजाविले होते, "एवढ्या मोठ्या कुत्र्याचं पोट फुगून आतल्या आत पीळ घेतं. जेवल्यावर तासभर फिरवायचं नाही. पोट टणक झालं आणि ओकारीत नुसता फेस आला, तर तसंच उचलून आणा. उशीर झाला तर हाती लागायचा नाही." तेव्हापासून ऐरावताने ढेकर दिली तरी धनी दचकोन पोट चाचपीत.

आता मकरंदरावांचे तीर्थरूप तात्यासाहेब. जेवणोत्तर शतपावली हा त्यांचा नेम. लग्नाचे पंगतीतून उठोनही मांडवाभोवती घालीत. त्या रविवारी धनी आणि राणीसाहेब बाजारास गेली, आणि तात्यासाहेबांनी ऐरावतास दुपारचे जेवण घातले, आणि तो गादीकडे वळतो तो गर्जले, "जेवून लगेच लोळायचं? आमच्या घरात असली थेरं चालत नाहीत. चला राजे!" मग पट्टा लाविला, आणि खाली उतरले, आणि मग मांजर दिसले, आणि ऐरावत धावला, आणि मागोमाग तात्यासाहेबही फरफटले.

वर आल्यावर ऐरावत बसेना. येरझारा घाली, ओकारी काढी, फेसच पडे. पोट तबल्यासारखे ताणले. तात्यासाहेब फोनवर म्हणाले, "मक्या, ये रे लवकर. मी त्याला फिरवून आणलं. चुकलो रे मी!" उभयता धावत आली, तो ऐरावत आडवा जाहला होता. आडवा लिफ्टमध्ये मावेना. मग सतरंजीवर ओढिला, आणि तिघांनी तीन टोके धरिली, आणि चौथे कोण धरणार? तितक्यात पाटणकरकाकू दार उघडोन आल्या, आणि "चावणार नाही ना हो?" म्हणत म्हणतच टोक उचलिले. जिना उतरताना सगळ्यांस घाम सुटला.

दवाखान्यात पोहोचताच डॉक्टरबाई ऐरावतास आत घेऊन गेल्या. बाहेर तात्यासाहेब रिकामा पट्टा हाती धरोन म्हणाले, "हा गेला तर मी त्या घरात पाऊल कसं टाकू?" मग बाई आल्या आणि म्हणाल्या, "वाचला. पोट आतून टाके घालून बरगडीशी बांधलंय, आता सहसा पीळ बसणार नाही."

सहसा, हा शब्द तात्यासाहेबांचे काळजात रुतला. आता जेवणोत्तर ते ऐरावताशेजारी जमिनीवर आडवे होतात आणि पोटावर हात ठेवितात. काकू अद्याप जिन्यानेच जातात, परवा दारातून थट्टेने म्हणाल्या, "काय तात्या, आज शतपावली नाही?"

तात्यासाहेबांनी हात न काढिता म्हटले, "शू, हळू बोला. आत्ताच जेवलाय तो."

येणेप्रमाणे अरिष्ट टळले, दौलत राखिली, भय मात्र घरीच राहिले. जैसे देखिले तैसे लिहिले. इति.