फोटोतली उजवीकडची

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा नाकावर चढवला, तरी फोटोत गोगली नव्हती ती नव्हतीच.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. मागे धबधबा कोसळत होता, पुढे बोटीचा कठडा होता, आणि कठड्याला टेकून, पिवळ्या रेनकोटात, ओल्या केसांनी दात काढून हसणाऱ्या तरुणपणीच्या डॉक्टरीणबाईही होत्या. त्यांचा एक हात खांद्याच्या उंचीवर आडवा पसरलेला होता. इतकी वर्षं त्या हाताच्या कवेत त्यांची जिवलग मैत्रीण उभी होती. आता तिथे नुसतं धुकं होतं.

"कसा झालाय?" फोटो स्टुडिओचे मालक काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून कौतुकाची वाट बघत होते.

"हिचं काय केलंत?"

"कुणाचं?"

"अहो, इथे माझी मैत्रीण होती!"

"इथे? इथे एक पिवळा रेनकोट होता मॅडम. टोपी पार भुवयांपर्यंत, अर्धा चेहरा तुषारांत. मला वाटलं, कोणीतरी मध्येच घुसलंय. काढायला जाम त्रास झाला. तुमच्या बोटांतून अक्षरशः सोडवून घेतलं."

"आणि माझा हात असा हवेत कशाला ठेवलात?"

"तोही काढणार होतो," मालक म्हणाले. "पण म्हटलं, राहू दे. धबधबा बघून बाईंना आनंद झालाय, असं वाटतं."

डॉक्टरीणबाईंना मात्र आपण बस थांबवायला उभ्या आहोत असं वाटत होतं.

हा फोटो काही साधासुधा नव्हता. डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर, आणि त्यांच्या दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीसमोर, बरोब्बर नजरेच्या रेषेत, तो टांगलेला असे. पेशंटने आ केला की इकडे त्यांची परदेशच्या भटकंतीची गोष्ट सुरू होई. नोकऱ्या लागल्या-लागल्या दोघी मैत्रिणी पाठीवर सॅक टाकून कशा निघाल्या, कुठल्या स्टेशनावर झोपल्या, कुठल्या गावात वाट चुकल्या, सगळं साग्रसंगीत. तोंडात कापसाचे बोळे असलेल्या माणसाला गोष्ट सांगण्यात वेगळंच सुख असतं. तो मध्ये तोंड घालत नाही, आणि 'ही मागच्या वेळी ऐकली' असंही त्याला म्हणता येत नाही. शेवटी त्या हातातल्या आरशाने फोटोकडे बोट दाखवल्यासारखं करत आणि म्हणत, "आणि ती उजवीकडची माझी गोगली. ओठापाशी चमकतंय ना, तो पाण्याचा थेंब. काय टिपलाय बघा!"

गोगली म्हणजे गोगलगाय. पाठीवर घराएवढं बिऱ्हाड आणि चाल निवांत, म्हणून त्या प्रवासात पडलेलं नाव. तिनेही उट्टं काढून डॉक्टरीणबाईंचं नाव 'चिमट्या' ठेवलं होतं. पुढे दोघींची लग्नं झाली, मुलं झाली, केस पांढरे झाले, पण एकमेकींना त्यांनी दुसऱ्या नावाने म्हणून कधी हाक मारली नाही. आणि आता गोगली शाळेतून निवृत्त होऊन, घर आवरून, लांबच्या शहरात लेकीकडे कायमची राहायला चालली होती. रविवारी तिला निरोपाचं जेवण होतं. डॉक्टरीणबाईंना ह्या विचारानेच सारखं भरून येत होतं, आणि त्यांनी ठरवलं होतं की मनावर दगड ठेवून भिंतीवरचा तो फोटो गोगलीला द्यायचा. डाग काढून, मोठा करून, नव्या चौकटीत.

नेमकी फोटो स्टुडिओत द्यायच्या दिवशी दवाखान्यात एक अक्कलदाढ अडून बसली होती. म्हणून फोटो पोचवायचं काम यजमानांकडे गेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना निरोप दिला होता, "त्यांना सांगा, बुरशीचे डाग पुसा, मागे बोटीवर ती पिवळ्या रेनकोटांची गर्दी आहे ती सगळी काढा, आणि पुढे आम्ही दोघी आहोत त्यांना धक्का लावू नका."

आता स्टुडिओतूनच त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, तुम्ही ह्यांना नक्की काय सांगितलंत?"

"तू सांगितलंस तेच. गर्दी काढा, बायको ठेवा."

यजमानांनी उभा जन्म कचेरीत मोठमोठ्या अर्जांचं सार काढण्यात घालवला होता. निरोप आटोपशीर करणं त्यांच्या रक्तातच भिनलं होतं.

"आणि गोगली?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग यजमान म्हणाले, "ती त्यात होती होय?"

डॉक्टरीणबाईंनी फोन बंद केला आणि मालकांकडे मूळ फोटो मागितला. मालकांनी मान खाली घातली. मूळ फोटो इतक्या वर्षांत काचेला घट्ट चिकटला होता. कॉम्प्युटरवर घेतल्यानंतर चौकटीतून सोडवताना त्याचे पापुद्रे निघाले. आणि कॉम्प्युटरवरच्या प्रतीवरच त्यांनी आपली कारागिरी चालवली होती.

"पण काळजी करू नका," मालक म्हणाले. "मैत्रिणीचा तेव्हाचा दुसरा फोटो आणा. तुमच्या हाताखाली अशा उभ्या करतो की त्यांना स्वतःलाही कळायचं नाही."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई जुने अल्बम काढून जमिनीवर फतकल मारून बसल्या. पहिल्या पानावर त्या स्वतः होत्या, शेजारी त्यांचा नकाशा खाणारी बकरी. दुसऱ्या पानावर त्या एका पावाच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. मग सॅकवर धुतलेले मोजे वाळत घालून डोंगर चढणाऱ्या त्या, वसतिगृहातल्या वरच्या पलंगावरून पाय सोडून बसलेल्या त्या, भाषा येत नसताना पोलिसाशी तावातावाने भांडणाऱ्या त्या. पान उलटावं तिथे त्याच. बघता बघता त्यांना हसू यायला लागलं. बकरीच्या तोंडातून नकाशा ओढताना गोगली किती हसली होती! पण तिचं ते हसणं कुठल्याच पानावर नव्हतं. कॅमेरा एकच होता आणि तो कायम तिच्या हातात असे, कारण डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा धरला की लोकांची डोकी कापली जात.

"एवढे दिवस बरोबर हिंडलो आणि मी तिचा एक धड फोटो काढला नाही हो," त्या म्हणाल्या. "दोघींचा म्हणून तो एकच होता. तोही घालवला."

यजमानांना अपराधी वाटत होतंच. ते गुपचूप शेजारी बसून पानं उलटू लागले आणि शेवटी त्यांनीच एक फोटो शोधून काढला. स्टेशनाच्या बाकावर, सॅकला डोकं टेकून, गोगली गाढ झोपली होती. डोकं शाबूत होतं.

"डोळे मिटलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"धबधब्याखाली मिटतातच," यजमान म्हणाले.

मालकांनी शब्द पाळला. रविवारी सकाळी नवा फोटो घरी आला. त्यात गोगली होती. पिवळा रेनकोट होता. मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि चेहऱ्यावर अशी काही शांती होती की खाली फुलं वाहायची तेवढी बाकी होती. शेजारी डॉक्टरीणबाई तिला आवळून धरून खिदळत होत्या.

"बेशुद्ध पडल्यासारखी दिसतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे नाही द्यायचं. मी तिला दुसरं काहीतरी देते. शाल देते."

"तू गेले दोन महिने तिला फोनवर सांगतेयस की तुला एक गंमत देणार आहे म्हणून. आणि आता शाल?"

"मग फोटो दुरून दाखवू. दिवा जरा मंद ठेवू."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. गोगली वेळेच्या आधीच आली. आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, पण नेमकी आजच.

जेवणं झाली, चहा झाला, जुन्या गोष्टी झाल्या. बकरीची झाली, पोलिसाची झाली. डॉक्टरीणबाई दर वेळी विषय लेकीच्या घराकडे वळवत होत्या. तिथे पाणी कसं आहे, जिना किती, शेजारी कोण. शेवटी गोगलीच म्हणाली, "ए चिमट्या, माझी गंमत कुठाय?"

"अगं, ती अजून तयार..."

"ही काय इथे ठेवलीय," यजमान म्हणाले आणि त्यांनी कागदात गुंडाळलेली चौकट कपाटामागून काढून तिच्या हातात दिली. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की ते चहाचे कप उचलून थेट स्वयंपाकघरात निघून गेले.

गोगलीने कागद सोडला. चौकट मांडीवर घेतली. मग तिची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले.

डॉक्टरीणबाईंचं अवसान गळालं. त्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि घडाघडा बोलत सुटल्या. "रडू नकोस गं. माझं चुकलं. तुला चुकून काढून टाकलं त्यांनी. मी ह्यांना पाठवायलाच नको होतं. तुझा दुसरा फोटो नव्हता गं माझ्याकडे, मी कधी काढलाच नाही, म्हणून हा झोपेतला लावला. तू एवढी लांब चाललीयस आणि मी तुला आपल्या फोटोतून..."

गोगलीने मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं खरं, पण ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला.

"अगं, पण मी ह्या फोटोत कधी नव्हतेच!"

"म्हणजे?"

"हा फोटो मी काढलाय!"

डॉक्टरीणबाईंचा आ वासला. तो त्यांच्या कुठल्याही पेशंटला शोभला असता.

"बोटीवर सगळ्यांना सारखेच पिवळे रेनकोट दिले होते, आठवतंय?" गोगलीने डोळे पुसले. "तुझा चष्मा पाण्याने भरला म्हणून तू काढून खिशात ठेवलास. मी म्हटलं, इथेच थांब, मी कोणालातरी कॅमेरा देऊन येते. वळून बघते तर तू शेजारच्या बाईच्या गळ्यात हात टाकून उभी! आणि तिला सांगतेयस, 'गोगले, आपण म्हाताऱ्या झालो की पुन्हा यायचं हं इथे.' ती बिचारी मान डोलावतेय. माझी हसून हसून मुरकुंडी वळली. कसंबसं क्लिक केलं."

"पण ती तर... ती तू..." डॉक्टरीणबाईंनी चौकट ओढून जवळ घेतली. "मग कोण ती?"

"मला काय माहीत? बोटीवरची बाई. आणि चिमट्या, तू दातांची डॉक्टर ना गं? तिचा पुढचा दात सोन्याचा होता! तू पेशंटांना सांगतेस, पाण्याचा थेंब!"

स्वयंपाकघरात काहीतरी फुटल्याचा आवाज आला. यजमान ऐकत होते.

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांपुढून शहरातल्या निम्म्या लोकांच्या दाढा सरकून गेल्या. त्या प्रत्येकाला त्यांनी एका वाटसरू बाईवरचं आपलं प्रेम पाल्हाळ लावून सांगितलं होतं. आधी त्या लाजल्या, मग चिडल्या.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सांगणारच होते. फोटो धुऊन आले त्या दिवशीच. पण तू तो बघितलास, छातीशी धरलास आणि म्हणालीस, 'आपण दोघी किती सुखात दिसतोय बघ.' मग माझ्याच्याने सांगवेना. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी आले तर तू तो दवाखान्यात टांगलेला. आणि खरं सांगू? मला तो आवडायचा. तू कशी दिसत होतीस ते मीच तर पाहिलं ना समोरून."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात घट्ट धरला. ह्या वेळी त्यांनी चष्मा लावलेला होता. मग दोघी फोटोतल्या झोपाळू गोगलीकडे बघून इतक्या हसल्या की यजमान काळजीने पाण्याचे दोन पेले घेऊन बाहेर आले.

"एक सांगू?" गोगली दम खात म्हणाली. "ती गेल्यावर फोटो ओका ओका वाटतो गं. तिला परत आणू या. निगेटिव्ह आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून स्टुडिओत गेल्या. मालकांनी निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली, मग दोघींकडे पाहिलं.

"म्हणजे ह्या तुमच्या कोणी नाहीत?"

"कोणी नाहीत."

"आणि ह्यांना काढून त्यांना लावलं, त्या तुमच्या मैत्रीण आहेत?"

"हो, ह्याच."

"आणि आता तुमच्या मैत्रिणीला काढून त्या कोणी नाहीत त्यांना परत लावायचं?"

"आणि दात नीट चमकला पाहिजे," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मालकांनी ह्यापुढे काही विचारायचं सोडून दिलं आणि दोन प्रती काढून दिल्या.

गोगली गेली. जाताना दोघी रडल्या, आणि रडून झाल्यावर वाटेसाठी दिलेल्या खाण्याच्या डब्यांवरून थोडं भांडल्यासुद्धा. दवाखान्यातल्या भिंतीवर फोटो पुन्हा लागला, पण डॉक्टरीणबाई आता पेशंटांना फक्त बकरीची गोष्ट सांगत.

महिन्याभराने गोगलीचा फोन आला. घर लागलं होतं, लेक मजेत होती, शेजारही चांगला मिळाला होता.

"काल शेजारच्या बाई आल्या होत्या," गोगली म्हणाली. "आल्या आल्या फोटोपाशी उभ्या राहिल्या. विचारलं, ह्या कोण? म्हटलं, डावीकडची माझी चिमट्या. अर्धा तास तुझ्याबद्दलच बोलत होते."

"आणि उजवीकडची?"

"उजवीकडची मी."

डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या. "अगं, आणि त्यांनी विचारलं असतं, फोटो कोणी काढला, तर?"

"विचारलं ना. म्हटलं, होती बोटीवरची कोणी बाई. ओळख ना पाळख, पण स्वभावाने फार चांगली."