कपाट उघडायचं नाही

आईला तिच्याच कपाटाला हात लावायची बंदी घालणारा मुलगा जगात एखादाच असेल, आणि तो नेमका आपल्याच पोटी यावा, याचा आजींना मनस्वी संताप आला होता.

"आठवडाभर हे दार उघडायचं नाही," प्राध्यापकांनी बजावलं. "मिक्सर नाही, शिलाई मशीन नाही. जरा हादरा बसला की संपलं!"

"आणि मी श्वास घेतलेला चालेल का?"

"हळू घे."

प्राध्यापक रसायनशास्त्राचे. कॉलेजच्या पोरांना संशोधन शिकवण्यात त्यांची हयात गेली. शिकवण्यात म्हणजे, पोराने नळी हातात घेतली रे घेतली की "थांब, मी दाखवतो" म्हणत ती काढून घेण्यात. 'उत्कृष्ट मार्गदर्शक' म्हणून मिळालेल्या ढाली हॉलमध्ये ओळीने मांडल्या होत्या. त्या पुसायचं काम तेवढं आजींच्या हातून कुणी काढून घेतलं नव्हतं. घरात पेनं, मीठ, दात घासायचे ब्रश, सगळं प्रयोगशाळेतल्या जुन्या बीकरांतच.

या खेपेला मात्र दुसऱ्या वर्षाची एक मुलगी हट्टाला पेटली होती. द्रावण तिने एकटीने केलं होतं. त्यातून एक मोठा स्वच्छ स्फटिक वाढला, तर ती परिषदेत स्वतःचं काम मांडणार. नाहीतर सरांच्या जुन्या प्रयोगाचा तक्ता धरून उभी राहणार. कॉलेजशेजारी खोदकाम चाललेलं, तिथली टेबलं दिवसभर थरथरत. म्हणून तिचा बीकर आजींच्या कपाटात आला.

"विष तर नाही ना गं?"

"नाही हो आजी. फक्त सारखं उघडून बघायचं नाही. तुम्ही लक्ष ठेवाल ना?"

लक्ष ठेवा, असं त्या घरात आजींना कित्येक वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

मुलगी जिना उतरते न उतरते तोच प्राध्यापक खोलीत. "माझा मोजा इकडे आलाय का?" म्हणत त्यांनी कपाट उघडलं. थोड्या वेळाने त्यांचा रुमाल हरवला. मग चष्म्याचं घर. आजी नुसत्या बघत राहिल्या. लहानपणी कुंडीत पेरलेलं बी हाच मुलगा रोज उकरून बघायचा. त्या कुंडीत कधी काही उगवलं नाही.

आठवडाभर हेच. आजी शेजारच्या लग्नाला घरच्या कपड्यांत जाऊन आल्या, आणि प्राध्यापक भिंग घेऊन कपाटात डोकं घालून उभे. मुलीला फोन गेला, "कडेला सुरुवात झालीय, मला स्पष्ट दिसतंय!" सुनेने विचारलं, "ब्रश चहाच्या कपात कुणी ठेवले?" आजींना ते नेमकं ऐकू आलं नाही.

ठरल्या दिवशी मुलगी आली. प्राध्यापकांनी बीकर उजेडात धरला. आत काही नव्हतं.

"घाई केलीस तू," ते म्हणाले. "तरी मी म्हणत होतो, मी दाखवतो."

मुलीचे डोळे भरले. "मग तक्ताच धरू का, सर?"

आजी गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या आणि पलंगाखालून, ट्रंकेच्या आडून, दुसरा बीकर अलगद बाहेर काढला. तळाशी अंगठ्याच्या नखाएवढा मोठा एकच स्फटिक, आरपार स्वच्छ.

"अगं आई, मग हे काय होतं?" प्राध्यापकांनी हातातला बीकर पुढे केला.

"नळाचं पाणी. भांडं आपल्या ब्रशचं. पहिल्याच दिवशी बदललं."

"पण कडेला मला सुरुवात दिसली होती!"

"टूथपेस्ट असेल."

मुलगी रडता रडता फिसकन हसली. सवयीने प्राध्यापकांचा हात पुढे आला. "बरं, आण इकडे. बाहेर कसा काढायचा ते मी दाख—"

आजींनी त्या हातावर फटका मारला आणि बीकर मुलीच्या हातात दिला.

"हात मागे! कुंडी उकरलीस तेव्हा लहान होतास, म्हणून सोडलं. पण जन्मभर लोकांची पोरं उकरत बसलास. आता तिथे उभा राहा आणि ती कसं काढते ते बघ. आणि बघताना श्वास हळू घे."