वाटीभर शेवाळ

नवऱ्याने परसातली टाकी घासली ती नेमकी पाठाच्या आदल्या संध्याकाळी.

विज्ञानाच्या बाई शाळेतून घरी आल्या तेव्हा तो बाह्या वर करून टाकीशेजारी उभा होता. अंगाला ब्लीचिंग पावडरचा वास, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतही नव्हता असा आनंद. टाकीचा तळ दिसत होता.

बाई मटकन पायरीवर बसल्या. सकाळी तपासनीस वर्गावर येणार होते. विषय होता शैवाल : ओळख आणि मुख्य प्रकार. पाठ रंगला तर हंगामी नोकरी कायम, नाही तर पुढच्या वर्षी घरी. तपासनीसांना नमुने जिवंत लागत. चित्रं पाहिली की त्यांना झोप येई. म्हणून बाईंनी महिनाभर टाकी घासा असं एकदाही म्हटलं नव्हतं. एरवी टाकीवरून रोज बोलणारी बायको बोलायचीच थांबली म्हटल्यावर नवऱ्याने धसक्याने काथ्या हातात घेतला होता.

"सगळं काढलंत?" बाईंनी विचारलं.

"नावाला ठेवलं नाही."

मूळ नाही, खोड नाही, पान नाही, तरी शैवाल स्वतःचं अन्न स्वतः तयार करतं, हे वर्गात सांगताना बाईंना नेहमी नवरा आठवे. त्याला सगळे अवयव होते.

बाई वाटी घेऊन शेजारी गेल्या. वाटीभर साखर मागायची रीत असते, शेवाळ मागायची नाही.

"काकू, तुमच्या टाकीत थोडं शेवाळ असेल ना?"

काकूंचा चेहरा पडला. आमच्याकडे असलं काही नसतं, असं त्यांनी सांगितलं आणि दार लावलं. लगेच आतून खराट्याचा आवाज यायला लागला. पलीकडच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी खिडकीतूनच हात जोडले; मागच्या दाराने त्यांचा जावई बादली घेऊन टाकीकडे धावला. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती : बाई वाटी घेऊन टाक्या तपासत फिरताहेत, वरून हुकूम आहे. बाई जिथे जात, तिथे त्यांच्या आधी स्वच्छता पोचलेली असे. गल्लीच्या गटारातून ब्लीचिंगचं पांढरं पाणी वाहू लागलं. राहता राहिला शाळेतला माशांचा हौद. तो शिपायाने साहेबांच्या स्वागतासाठी दुपारीच चकाचक केला होता.

सकाळी बाई चित्रांची गुंडाळी घेऊन शाळेच्या फाटकाशी आल्या तर नवरा आधीच तिथे उभा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"रागावणार नसशील तर देतो."

कागदात पाण्याची बाटली होती. ऑफिसातली. तिथे ती खिडकीत, उन्हात असायची. आतून हिरवीगार.

"रोज धुतो म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"आणि पिता यातून?"

"हलवत नाही. वरचं वर पितो."

पाठ रंगला. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या शैवालाचे गोल ठिपके होते, नीलहरित शैवालाचे धागे होते, काचेच्या डबीसारखे डायटमही होते. समुद्रातली तपकिरी आणि लाल शैवालं तेवढी चित्रात दाखवावी लागली, पण तोवर तपासनीस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते आणि मागे मुलांची रांग खोळंबली होती.

"इतका समृद्ध नमुना कुठे मिळाला?" त्यांनी विचारलं.

"जुना साठा आहे," बाई म्हणाल्या. "घरच्याच माणसाने जपलाय."

मधल्या सुट्टीत बाईंनी बाटली फाटकाशी ताटकळलेल्या नवऱ्याच्या हाती परत दिली. काही बोलल्या नाहीत. त्यामुळे तो बाटली घेऊन तडक घराकडे निघाला.

शाळा सुटताना तपासनीसांनी कायम करण्याच्या कागदावर सही केली आणि सांगितलं, पुढच्या महिन्यात शिक्षकांचं शिबिर आहे, त्यात हाच पाठ घ्या, हाच नमुना आणा. "तोवर त्या साठ्याला कुणाला हात लावू देऊ नका."

बाई जवळजवळ पळतच घरी आल्या. नवरा मोरीपाशी उभा होता. बाटली आरशासारखी चमकत होती.

"सोडा, गरम पाणी, ब्रश," तो म्हणाला. "आता तुला बोलायला जागाच ठेवली नाही."

बाईंनी बाटली घेतली, नाल्यावरून पाणी भरून आणलं आणि ती उन्हाच्या खिडकीत ठेवली. आता हिला हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं. यात अवघड काय, असं त्यालाही वाटलं. इतकी वर्षं तेच तर केलं होतं.

दोन-चार दिवसांनी चहा पिताना त्याची नजर पुन्हा पुन्हा खिडकीकडे जाऊ लागली. बाटलीच्या तळाला नुकती हिरवी झाक आली होती.

"अगं," तो शेवटी म्हणाला, "नुसती विसळू का?"