ताऱ्याभोवतीची धूळ

खानोरकर सरांना काहीही सांगा, ते आधी विचारतात, "त्यात धूळ हिशेबात धरली काय?" मुलीचे बारावीचे मार्क सांगायला मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून हेच विचारलं. आता मार्कांत कुठली आली धूळ!

सर आमच्या शेजारचे. बालाघाटच्या कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. गेटवर दूधवाला भेटला की सुरू. "हे पाह्य भाऊ. तारा लय गरम. त्याच्या उजेडानं भवतालचा वायू फुटते अन् चमकते. पण मधात धूळ रायते. थे बराचसा उजेड गिळते अन् सोताच गरम होऊन बसते. मंग चमकणारा ढग लहान दिसते, अन् लोकं म्हणतेत, ताराच कमजोर हाये." दूधवाला "हौ सर, हौ सर" करत कॅनसकट सटकतो.

हे वेड कुठून आलं, ते मला सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी सांगितलं. त्यांची नात बंगलोरला असते. दर रविवारी व्हिडिओ कॉल. आधी तासतास गप्पा मारायची, आता सातवीत गेली आणि "हाँ आजोबा, ठीक हूँ, बाय" एवढ्यावर आली. सरांच्या जिवाला ते फार लागलं होतं. काहीतरी नवल ऐकून पोरीनं फोनवर थोडं थांबावं म्हणून हे सगळं चाललेलं, आणि तालीम मात्र आमच्यावर.

परवाच्या रविवारी सरांनी प्रयोगच मांडला. खिडक्या बंद, मधोमध बल्ब, राइस मिलमधून आणलेला बारीक कोंडा आणि त्याच्यामागे टेबलफॅन. मोबाइल माझ्या हातात.

"पंखा एकवरच ठेवजा," काकू बजावत होत्या.

सरांनी घाईत बटण दाबलं ते तीनचं. कोंडा सरांच्या मिशीत, काकूंच्या केसांत, माझ्या तोंडात. बल्बचा नुसता ठिपका उरला.

फोनमध्ये नात पोट धरून हसत होती. "आजोबा, आप कहाँ गए? और लाइट इतनी छोटी कैसे हो गई?"

हाच प्रश्न तर सरांना हवा होता. उत्तर आमच्यावर घोटून घोटून तयार होतं. पण सरांनी तोंडाला रुमाल लावला. ठसका लागला असेल म्हणून मी जवळ गेलो, तर त्यांचे डोळे भरून आलेले.

"सांगा न जी, थे विचारून राह्यली," काकू म्हणाल्या.

"सांगतो," सर हळूच म्हणाले. "पयले तिले पोटभर हासू दे."