वंशावळीतला बैल

राणबाआबांच्या वंशावळीत एक बैल आहे. थट्टा नाही, भाटाच्या वहीत शाईनं लिहिलेला आहे. पणजोबा हिरोजी, त्याच्या शेजारी हरण्या, मग खाली आजोबा, बाप आणि राणबाआबा. आमच्या सेनगावाकडच्या मुलखात लोक यावर पोट धरधरून हसले. मीही हसले. मी शेजारची सून. डोक्यावर पदर असला तरी कान काही झाकलेले नव्हते, आणि आमची भिंत एक.

आबांना कुठलीही गोष्ट मधून सांगता येत नसे. "मुळातून सांगतो, बसा," म्हणायचे, आणि मूळ म्हणजे पणजोबा. पणजोबा पैनगंगेच्या पल्याडून आला तेव्हा इथं नुसतं रान. जोडीतला एक बैल वाटेत वाघानं नेला, हरण्या उरला. पणज्यानं झाडं तोडली, हरण्यानं खोडं ओढून काढली, तेव्हा कुठं जमीन दिसली आणि गाव बसलं. एकदा एका वाटसरूनं हिंगोलीची वाट विचारली. आबा हरण्यापर्यंत पोचेस्तोवर दिवस मावळला, अन् तो बिचारा आमच्याच ओसरीवर झोपला. निजामाचा चपराशी कसलासा कागद घेऊन आला, "बाप का नाम?" म्हणाला. आबा म्हणाले, "बाप काय आभाळातून पडला व्हय? मुळातून लिहा." चपराशानं कागद गुंडाळला आणि लांबूनच हात जोडले.

गोदाकाकू, म्हणजे आबांची बायको, आतून सगळं ऐकायच्या आणि कपाळावर हात मारून घ्यायच्या.

त्या घरात मूळ मोप होतं, शेंडा नव्हता. एकच लेकरू झालेलं, मुक्ता. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी देवीच्या साथीत गेली, सात वर्षांची होऊन. त्यानंतर तिचं नाव कुणी घेत नसे. काकू घेऊच देत नसत. आता भाटाचं काम असं, की दर तीन-चार वर्षांनी सुगी आटोपली की तट्टावर बसून यायचं, घराघराची पानं काढायची आणि नवी नावं चढवायची. नावं मुलग्यांचीच. आबांच्या खाली चढवायला कुणी नव्हतं. भाट म्हणाला, पुतण्या दत्तक घ्या, नाहीतर नावाखाली रेघ मारावी लागेल. रेघ मारली म्हणजे घर संपलं.

आबा म्हणाले, रेघेचं मागून पाहू, आधी हरण्या लिहा.

भाट चपापला. ही माणसांची वही आहे, म्हणाला. आबांनी त्याचं तट्टू गोठ्यात बांधलं आणि दाराला कडी घातली. तीन दिवस तट्टू कडबा खात होतं, भाट पुरणपोळी खात होता आणि आबा मुळातून सांगत होते. चौथ्या दिवशी भाटानं हरण्या लिहिला. पोट बिघडलं म्हणून लिहिला, असं माझे सासरे म्हणत.

मग काय विचारता! आबा गावात बैलाचे पणतू झाले. लग्नाच्या पंगतीत लोक विचारायचे, आबा, पेंड वाढू का? आबा मुकाट जेवायचे. काकूंनी मात्र आठ दिवस अबोला धरला. घरात दिवा लावायला कुणी न्हाई आन् ह्यांना बैलाचं पडलंय, असं मला म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता रडल्या.

पुढं रझाकारीचे दिवस आले. वाटा बंद झाल्या, भाट यायचा बंद झाला. आबांना खोकला लागला, अंगावरचं मांस झडलं. तरी काठी टेकत रोज वेशीपर्यंत जायचे, तट्टू येतंय का बघायला. आता म्हातारा गायही लिहून घेतो, असं लोक म्हणायचे.

राज्य पालटलं त्याच हिवाळ्यात भाट आला. ओसरीवर घोंगडी टाकली, शेजारपाजार जमला, आम्ही बाया दारात उभ्या. भाटानं आबांचं पान काढलं, बोरू शाईत बुडवला आणि पुतण्याचं नाव विचारलं.

"मुक्ता लिहा," आबा म्हणाले.

भाटानं समजूत घातली, की लेकी वहीत नसतात, लेकी सासरच्या घरच्या.

"सात वर्साची गेली ती. कोण्या सासरच्या वहीत हाये, सांगा मला." आबांनी वहीवर बोट ठेवलं. "बैल माझ्या पणज्याच्या नात्याचा ना गोत्याचा, तरी त्याला बसवलं तुमी. माझी लेक काहून न्हाई?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रक्ताच्या नसलेल्याला एकदा वहीत घेतलं की लेकीला कोणत्या तोंडानं नाही म्हणतील, एवढ्यासाठी म्हाताऱ्यानं बैल घुसवला होता. आणि आम्ही पेंड वाढत होतो. माझी मलाच लाज वाटली.

भाटानं बोरू पुन्हा शाईत बुडवला. मग त्यानं लिहिलं. लिहून झालं की सगळी नावं पहिल्यापासून मोठ्यानं वाचायची रीत असते. तो वाचत वाचत खाली आला.

"राणबाची लेक मुक्ता."

गोदाकाकू माझ्या शेजारी उभ्या होत्या, भाटाला द्यायची ज्वारी सुपात घेऊन. ते सूप त्यांनी खाली ठेवलं आणि तशाच ओसरीवर गेल्या, गड्यामाणसांत, पदर सावरायचंही भान नाही. मला वाटलं, आता भाटाशी भांडतात.

"अजून एकदा वाचा," त्या म्हणाल्या.