बिनकामाच्या पगाराचा दाखला

व्हिसाच्या एजंटला एकच प्रश्न विचारायचा आणि परत यायचं, असं ठरवून चौकसराव घरातून निघाले, आणि त्यांच्या बायकोने लगेच दुपारचा स्वयंपाक तासभर पुढे ढकलला. एका प्रश्नावर थांबलेले चौकसराव तिने उभ्या संसारात पाहिले नव्हते. कुलपांच्या ज्या कारखान्यात ते नोकरी करत, तिथे कोणीतरी हे नाव ठेवलं होतं. ते इतकं चपखल बसलं की दारावरची पाटी सोडली तर खरं नाव आता कुठेच उरलं नव्हतं.

भानगड होती ती बायकोच्या थोरल्या बहिणीची. ताई समुद्राकाठच्या एका परदेशात एकट्या राहत. त्यांच्या शेजारचं दोन खोल्यांचं घर रिकामं झालं होतं आणि घरमालकीण महिनाअखेरपर्यंत ते अडवून ठेवायला तयार होती. म्हातारपणी शेजारी शेजारी राहायचं हे दोघी बहिणींनी परकरात असताना ठरवलेलं. (मध्ये नवरे येतील हे तेव्हा लक्षात घेतलं नव्हतं.) त्या देशात निवृत्त माणसांना राहू देत. अट एकच, उत्पन्न दाखवायचं. चौकसरावांना त्यात अडचण दिसत नव्हती. पगार चांगला होता.

एजंटने पगाराची पावती हातात घेतली आणि डॉक्टर रिपोर्ट बघताना करतात तसा चेहरा केला.

"रक्कम भरपूर आहे हो. पण हा पगार आहे."

"मग?"

"निवृत्त माणसाला पगार कसा असेल?"

"तिकडे जाताना होईन की निवृत्त."

"मग हा पगार बंद होईल."

"होईल."

"मग उत्पन्न काय दाखवणार?"

चौकसरावांनी थोडा विचार केला आणि पावतीवर बोट ठेवलं. "हेच."

एजंटने डोळे मिटून घेतले. मग त्याने समजावून सांगितलं की पेन्शन चालते, घरभाडं चालतं, व्याज चालतं. दरमहा काम न करता जे येतं ते सगळं चालतं. काम करून जे येतं ते चालत नाही.

"म्हणजे घाम गाळून मिळवलेल्या पैशाला तिथे किंमत नाही?"

"नाही. तिथे लोक समुद्र बघायला जातात."

आता एखादा माणूस नमस्कार करून उठला असता. पण चौकसरावांचं कुतूहल जागं झालं होतं. काम म्हणजे नेमकं काय, असं त्यांनी विचारलं. खुर्चीत बसणं हे काम धरतात का? दुसऱ्याने केलेल्या कामावर सही करणं? शंका काढणं? (शेवटचा प्रश्न विचारताना त्यांना स्वतःलाच थोडं चुकल्यासारखं झालं.) बाहेर रांगेत बसलेली माणसं आत डोकावू लागली तेव्हा एजंट काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेब, मीच तुम्हाला एक विचारतो. तुम्ही उद्यापासून कामावर गेलाच नाहीत, तर हा पगार मिळेल का? मिळेल असं मालकाने लिहून दिलं तर माझं काम झालं."

असला प्रश्न चौकसरावांना आजवर कोणी विचारला नव्हता आणि त्यांनाही सुचला नव्हता, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं.

दोन रात्री ते या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहिले. नोकरी सोडावी तर उत्पन्न नाही, न सोडावी तर निवृत्ती नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. शिवाय मालकाकडे जाऊन 'मी काम करणार नाही, पण पगार चालू ठेवा' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "ताईंचा फोन होता. घरमालकीण पडद्यांचा रंग विचारतेय." तेव्हा ते घोटभर पाणी पिऊन मालकाच्या खोलीत गेले.

मालक म्हणजे मोठ्या मालकांचा मुलगा. मोठे मालक वारले त्याला आता बरेच दिवस झाले होते. मुलगा चौकसरावांना काका म्हणे आणि ते आत आले की घड्याळाकडे बघे. त्या दिवशी मात्र चौकसरावांची विनंती ऐकून त्याने पेन खाली ठेवलं, उठून दार लावलं आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"काका, राग मानू नका. कितीतरी दिवसांपासून विचारीन विचारीन म्हणतोय. तुम्ही रोज का येता?"

"कामाला."

"पण बाबांनी तुम्हाला निवृत्त केलं होतं. पाच वर्षं झाली."

चौकसरावांनी आठवून पाहिलं. साठी झाली त्या दिवशी मोठ्या मालकांनी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "तुम्ही आहात तोवर तुमचा पगार चालू राहील. आता निवांत व्हा." चौकसरावांचे डोळे भरून आले होते. एवढं प्रेम करणाऱ्या माणसाला अंतर द्यायचं नाही, असं ठरवून ते दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर कामावर हजर झाले होते.

"बाबा म्हणाले, सवय आहे, दोन-चार दिवसांत यायचे थांबतील," मालक म्हणाला. "मग त्यांना सांगायचा धीर होईना. मग मला होईना. पावतीवर पगार असं छापून येतं, कारण हिशेबनीस बाईंनी कधी बदललं नाही."

"पण माझ्याकडे कागद येतात. मी त्यांवर शेरे मारतो. 'खुलासा करावा' म्हणून लिहितो."

"हो. हिशेबनीस बाई तुमच्यासाठी वेगळी प्रत काढतात."

"आणि मूळ कागद?"

"तो पुढे जातो."

 चौकसरावांना फार वाईट वाटलं. त्यातही एक गोष्ट त्यांना जाणून घ्यायची होती, की त्या प्रतींचं पुढे काय होतं. पण उत्तर काय येईल याचा अंदाज असल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक प्रश्न पोटात ठेवला. मालकाने तिथल्या तिथे पत्र टाइप करून घेतलं. हे गृहस्थ पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले आहेत, त्यांना मिळणारी रक्कम ही तहहयात पेन्शन असून कोणत्याही कामाचा मोबदला नाही, ते कारखान्यात स्वतःच्या हौसेने येतात. सही करताना मालकाचा चेहरा इतका मोकळा झाला होता की चौकसरावांना त्याचाही थोडा राग आला.

घरी बायकोने पत्र वाचलं आणि ती हसायला लागली. पदराने डोळे पुसत हसली, खुर्चीला धरून हसली. मग तिचं लक्ष नवऱ्याच्या तोंडाकडे गेलं आणि ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"लागलं का हो मनाला?"

"लागलं."

"मग नका दाखवू ते पत्र. मी काम करतो असंच सांगा व्हिसावाल्यांना. ताईंना मी समजावते."

हे ती अगदी सहज म्हणाली. पण तिच्यामागचं कपाट निम्मं रिकामं होतं आणि काढलेल्या कपड्यांच्या चळतीवर ताईंसाठी विणलेली शाल ठेवलेली होती. चौकसरावांनी पत्र घडी करून खिशात टाकलं. अब्रू काय, तिकडे समुद्रात धुऊन घेता येईल, असं ते म्हणाले. बायकोने त्यांच्या पानात आणखी थोडा भात वाढला.

वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला दोघं गेली तेव्हा काचेपलीकडे एक अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांनी पावती पाहिली, पत्र पाहिलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

"इथे पगार म्हटलंय, तिथे पेन्शन. तुम्ही काम करता का?"

चौकसरावांच्या बायकोने वर पंख्याकडे पाहिलं. चौकसराव खुर्चीत ताठ बसले. जन्मात एक रजा जास्त घेतली नव्हती या माणसाने.

"नाही," ते म्हणाले.

"पण कारखान्यात जाता?"

"हौसेने."

"रोज?"

"रविवारी सुट्टी असते."

"पाच वर्षं, हौसेने, वेळेवर?" बाईंनी चष्मा काढला. "असा माणूस मी पाहिलेला नाही. मी जरा फोन करून खात्री करून घेते."

त्यांनी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. पलीकडे कारखान्याची टेलिफोन ऑपरेटर होती. चौकसरावांविषयी कोणी चौकशी करतंय म्हटल्यावर कर्जाचं काहीतरी असणार असं त्या भल्या बाईने ओळखलं, आणि आपल्या माणसाची बाजू सावरायला ती सरसावली.

"ते ना? ते कामात आहेत."

"म्हणजे ते तिथे काम करतात?"

"करतात म्हणजे? त्यांच्यावाचून इथलं पान हलत नाही. मालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. तुम्ही बँकेतून बोलताय ना? बिनधास्त द्या कर्ज."

चौकसरावांची छाती फुगली. पाच वर्षांत असं कोणी त्यांच्याबद्दल बोललं नव्हतं, आणि आणखी काय म्हणते ते ऐकायला ते खुर्चीत पुढे सरकले. शेजारी बायकोचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. तो पाहिल्यावर त्यांना कळलं की ही बाई स्तुती करता करता ताईंच्या शेजारचं घर घालवत चालली आहे.

"आत्ता कुठे आहेत ते?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"टेबलापाशीच आहेत. मला इथून दिसताहेत की. फाइलवर सही करताहेत."

अधिकारी बाईंनी समोर पाहिलं. समोर चौकसराव होते.

"नक्की दिसताहेत?"

"डोळ्यांसमोर आहेत हो. मान वर करायला फुरसत नाही बिचाऱ्यांना."

अधिकारी बाईंनी आभार मानून फोन ठेवला.  चौकसरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला.

"काही सांगू नका. तुम्ही इथे बसला आहात आणि तिथे तुमचं काम चालू आहे. तुम्ही तिथे असला काय अन् नसला काय, कोणाला पत्ता लागत नाही. मालकांनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. इतका भक्कम पुरावा माझ्याकडे आजवर आलेला नाही."

आणि त्यांनी दोन्ही पासपोर्टांवर शिक्के मारले.

दोघं बाहेर जिन्यात आली. बायकोने ताईंना फोन लावण्यासाठी पिशवीतून मोबाइल काढला, तो चौकसरावांनी हळूच तिच्या हातातून घेतला.

"एक मिनिट. एवढं जरा विचारून घेतो."

"आता काय राहिलं विचारायचं?"

"मी कोणत्या फाइलवर सही करतोय ते."

त्यांनी कारखान्याचा नंबर लावला आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरला. चौकसराव आहेत का, असं विचारलं.

"आहेत, पण कामात आहेत," ऑपरेटर म्हणाली. "काही निरोप आहे का?"

चौकसरावांनी बायकोकडे पाहिलं. ती पायरीवर बसून डोळे पुसत हसत होती. फाइलचा विषय त्यांनी सोडून दिला.

"त्यांना म्हणावं, तुम्ही निवृत्त झालात. उद्यापासून येऊ नका."

"सांगते मी," पलीकडून आवाज आला. "पण ते काही ऐकायचे नाहीत हो. मोठ्या मालकांनीसुद्धा एकदा सांगून पाहिलं होतं."